येझदीची टाकी

हाफिसात काही बंद पडलं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आर.सी.ए. नावाचा कागद लिहावा लागतो. रूट कॉज ॲनालिसिस. सर्व्हर केव्हा पडला, का पडला, परत पडू नये म्हणून आपण काय करणार वगैरे वगैरे. त्याचा एक अलिखित नियम आहे, माणसाचं नाव लिहायचं नाही. 'कॉन्फिगरेशनमध्ये बदल झाला' असं लिहायचं. तो कुणी केला हे सगळ्या टीमला माहीत असतं, पण कागदावर तो पावसासारखा आपोआप झालेला असतो. :-) गेली सहा वर्षं मी असले कागद लिहितोय आणि स्वतःच सांगायचं तर त्यात बऱ्यापैकी तरबेज आहे.

गेल्या मे महिन्यात घरीच एक आर.सी.ए. करायची वेळ आली. बंद पडलेली वस्तू: बाबांची येझदी रोडकिंग, १९८९ सालची. बंद पडल्याचा काळ: जुलै-ऑगस्ट २००५.

ज्यांनी येझदी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. अडीचशे सीसीचं टू स्ट्रोक इंजिन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारायचा जो दांडा तोच खाली पाडला की गिअरचा दांडा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून आधी जावा आणि मग येझदी या नावाने गाड्या काढल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे साधारण मी जन्मलो तेव्हा. (नव्या जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये आल्या, पण त्यांच्याबद्दल बाबांसमोर बोलायचं नाही.) कंपनीच्या संस्थापकांचं नाव रुस्तम इराणी. 'रस्ट'ची सूचना कंपनीने मालकाच्या नावातच देऊन ठेवली होती, असा एक पीजे मी टाकी उघडताना मारला. बाबा हसले नाहीत.

गाडी वीस वर्षं नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली कव्हर घालून उभी होती. दर सर्वसाधारण सभेत तिचा विषय निघायचा आणि दर वेळी बाबा 'पुढच्या महिन्यात करून घेतो' म्हणायचे. शेवटी सेक्रेटरींनी लेखी नोटीस दिली तेव्हा मी म्हटलं, मी करतो. शनिवार-रविवार मोकळेच असतात, लग्न ठरत नाहीये, इंजिनिअरिंगची डिग्री आहेच घरात. ब्रेक, वायरिंग, बेअरिंग ही सगळी कामं हळूहळू होत गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. जुन्या जावा-येझदीचे सुटे भाग आजही मिळतात, आणि गाडीवाल्यांचे गट इतके चिवट आहेत की एक वॉशर शोधायला माणसं रात्री दोन वाजता फोटो पाठवतात. अडलं ते टाकीपाशी.

टाकी काढली आणि हलवली तर लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखा आवाज. टोपण पिळून काढलं तर पेट्रोलचा नव्हे, जुन्या व्हार्निशचा वास आला. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डिंक उरतो. टाकी उलटी केली. विटकरी रंगाचे पापुद्रे, भुगा आणि काळसर गोळा असं सगळं मिळून वाटीभर निघालं. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ पत्र्यापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, म्हणून तो धरून न राहता पापुद्र्याने सुटतो आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा हवेला नि पाण्याला मोकळा होतो. तांब्याची पुटं किंवा ॲल्युमिनियमची साय खालच्या धातूला जशी सांभाळते तसं हे नाही. गंज स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला: टाकीत मूठभर नट टाकायचे आणि हलवायचं. गोधडीत गुंडाळून दोन शनिवार हलवली. कंबर धरली. मोजून साठ नट टाकले होते, एकोणसाठ निघाले. मेमरी लीक! साठावा नट चुंबक बांधलेल्या तारेने शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. (ज्यांना करायचंय त्यांनी नट नको, साखळीचा तुकडा टाका. एक टोक धरून ओढलं की अख्खी बाहेर येते.)

त्या नटाच्या नादात मी मोबाईलला जोडायचा एक छोटा कॅमेरा मागवला, वायरच्या टोकाला दिवा असलेला. तो आत सोडला आणि नट बाजूलाच राहिला.

टाकीच्या पोटात मधोमध फ्रेमसाठी खोबण असते, त्यामुळे तळाला दोन कप्पे होतात. दोन्ही कप्प्यांत गंजाची एक आडवी रेघ होती, सरळ, साधारण दोन बोटं उंचीवर. तिच्या खाली पत्रा खवल्यांसारखा झालेला, वर बराच चांगला. नुसत्या दमट हवेने गंज चढला असता तर तो छताला आणि भिंतींना सगळीकडे पसरला असता. ही पाणी साचून राहिल्याची खूण होती. पेट्रोल कॉकच्या नळीचं तोंड तळापासून जरा वर असतं, म्हणून कॉक उघडून कितीही ओतलं तरी तळातलं थोडं पाणी राहतंच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खालीच बसणार. इथवर सगळं बाबांच्या गोष्टीशी जुळत होतं. पण टोपण बसतं त्या गळ्याच्या आतल्या बाजूने, एकाच अंगाला, गंजाचे ओघळ खाली उतरलेले होते. म्हणजे पाणी वरून आलं होतं. टोपणाच्या बाजूने.

बाबांची गोष्ट अशी. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. बाबा नेहमीप्रमाणे गाडी खाली लावून लोकलने मुंबईला गेले होते. रात्र ऑफिसात काढून दुसऱ्या दिवशी बरंचसं चालत, खाडीपूल ओलांडून संध्याकाळी घरी आले. पाय इतके सुजले होते की चप्पल कापून काढावी लागली. दोन-तीन दिवसांनी गाडीला किक मारली तर सुरू होईना. कार्ब्युरेटर उघडला तर त्यात पाणी. गाडीत पाणी कसं? टोपण तर घट्ट लावलेलं. मग एकच शक्यता उरली, पंपावरच पाणी मिसळलेलं पेट्रोल दिलं. पावसाच्या आदल्या दिवशीच आमच्या नोडातल्या पंपावर भरलं होतं. बाबा तिथे गेले आणि ज्या पोराने पेट्रोल भरलं होतं त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. मॅनेजरला बोलावलं, लेखी तक्रार दिली. मी सोबत होतो. तो पोरगा अठरा-एकोणीसचा असेल. 'साहेब, मी नाही केलं' एवढंच म्हणत होता. पुढच्या आठवड्यापासून तो तिथे दिसला नाही असं आई म्हणाल्याचं आठवतं. त्यानंतर बाबांनी आजतागायत त्या पंपावर पाऊल टाकलेलं नाही. स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला ते दोन किलोमीटर लांब जातात.

आता माझी गोष्ट. मी आठ वर्षांचा होतो आणि मला पेट्रोलचा वास भयंकर आवडायचा. त्या मंगळवारी शाळा लवकर सुटली. पावसाने जराशी उसंत घेतली होती. मी खाली जाऊन येझदीचं टोपण काढलं, नाक लावलं, तेवढ्यात वरून आईची हाक आली. टोपण नुसतं वर ठेवून पळालो. पिळलं नाही. मग ढग फुटल्यासारखा पाऊस रात्रभर. गाडी उघड्यावर. बुधवारी सकाळी खाली गेलो तर टोपण तिरकं, पाण्याने टाकी गळ्यापर्यंत भरलेली. मी काय केलं असेल? टोपण नीट पिळून घट्ट लावलं आणि वर येऊन कार्टून लावलं. वीज नव्हती म्हणून टीव्ही लागला नाही, हेसुद्धा आठवतंय.

म्हणजे नुसती चूक नाही, पुरावाही नष्ट. टोपण घट्ट होतं म्हणूनच तर बाबांचा संशय पंपावर गेला. पंपावर उभा असताना मला सगळं कळत होतं आणि मी बोललो नाही. गंमत अशी की ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की वीस वर्षांत मीसुद्धा पंपाचीच बाजू खरी धरायला लागलो होतो. लहानपणी आपल्याला उगाच काहीतरी वाटतं, टोपण लावलंच असेल, वगैरे. ते ओघळ दिसेपर्यंत.

असो. कॅमेरा बाहेर काढला आणि मी पुढची पायरी सुरू केली. काम असलं की बरं असतं.

गंज काढायचे उपाय पुष्कळ. सांगली जिल्ह्यातला मामा म्हणाला, मळीत बुडवून ठेव, आमच्याकडे ट्रॅक्टरचे भाग तसेच साफ करायचे. मळीतली द्रव्यं लोखंडाच्या गंजाला धरून विरघळवतात, पत्र्याला फारसं खात नाहीत. पण महिनाभर लागतो, आणि मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, ती किराण्यात मिळत नाही. योगायोग बघा: त्याच मळीपासून साखर कारखाने इथेनॉल करतात, ते आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाला बसतात, बरोब्बर गंजायच्या जागी. रोगही उसाचा, औषधही उसाचं.

बाथरूम धुवायच्या ॲसिडने पाच मिनिटांत होतं असं सांगणारेही भेटले. होतं, पण ते गंज संपल्यावर थांबत नाही, पत्राही खातं. छत्तीस वर्षांच्या पत्र्यावर हा जुगार मला नको होता. मी विजेचा मार्ग धरला. टाकी आधी साबणाच्या गरम पाण्याने पाच-सहा वेळा धुतली, कारण पेट्रोलची वाफ शिल्लक असताना ठिणगी म्हणजे बातमी. मग कॉकचं भोक बंद करून टाकी पाण्याने भरली, लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. तोंडातून बांधकामाची लोखंडी सळी आत सोडली, टाकीला कुठेही न टेकता. ती लटकवायला आईचं जुनं लाटणं आडवं ठेवलं. बॅटरी चार्जरचं धन टोक सळीला, ऋण टोक टाकीला. उलटं केलंत तर सळी साफ होईल आणि टाकी विरघळेल. आमच्या टीम लीडने सळीऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा सुचवला. तो मात्र कधीही वापरू नये, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. म्हणून सगळं उघड्या गॅलरीत. आई रोज तिन्हीसांजेला तिथल्या तुळशीपाशी दिवा लावते, तो दोन दिवस आत देवघरात लावायला सांगितला. 'तुझ्या टाकीपायी तुळस अंधारात' असं म्हणाली, पण लावला आत. लाटण्याचं मात्र तिने अजून माफ केलेलं नाही.

दोन दिवसांनी पाणी डबक्यासारखं तपकिरी, सळी कुरतडलेली, आणि टाकीत लाल गंजाच्या जागी सुटा काळा चिखल. तो सहज धुतला जातो. सळीच्या समोर येत नाहीत अशा कोपऱ्यांत मात्र वीज नीट पोचत नाही. तिथल्यासाठी एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून लिंबूसत्त्व आणलं, लिटरला पन्नास ग्रॅम, कोमट पाण्यात रात्रभर. मग खाण्याचा सोडा घालून आम्ल मारलं, धुतलं, आणि टाकी आतून राखाडी, लखलखीत! बाबांना बोलावायला आत गेलो. ते चष्मा शोधून येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. येऊन बघतो तर आतून केशरी.

जुलै महिना होता. नवी मुंबईच्या जुलैत उघडा, ओला पत्रा म्हणजे पापड तळल्यासारखं आहे, बघता बघता रंग बदलतो. बाबा आत डोकावून म्हणाले, "पहिल्यासारखीच दिसतेय." आणि गेले.

तीन वेळा केलं, तीन वेळा केशरी. तिसऱ्या वेळी आणखी एक शोध लागला: टाकी रडत होती. तळाच्या जोडापाशी टाचणीएवढं भोक, त्यातून पाण्याचा थेंब. इतकी वर्षं तिथे पत्रा नव्हताच, गंजच बूच होऊन बसला होता. मी तो काढला.

तुर्भ्याला ट्रकांच्या गॅरेजांमध्ये रेडिएटर झाळणारे एक चाचा आहेत. मी टाकी पुढे केली तशी त्यांनी आधी तोंडाला नाक लावून वास घेतला (माझ्यासारखाच, पण कामासाठी), मग स्वतः पुन्हा धुतली आणि भोकाची बाजू तेवढी वर राहील अशी पाण्याने भरली. त्याशिवाय बर्नर पेटवला नाही. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आतली वाफ जीव घेते, हे त्यांनी एका ओळखीच्या माणसाचं नाव घेऊन सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. भोकाभोवतीचा पत्रा घासून त्यांनी डाख दिला, वर कथलाचा हात फिरवला आणि म्हणाले, "कल्हईच आहे ही, भांड्याला करतात ती." घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग अख्ख्या टाकीलाच कल्हई का नाही करत? प्रश्न हसण्यासारखा नाही. मोटारींच्या जुन्या टाक्या खरंच शिसं आणि कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या असत. आतून लावायचे रेझिनचे लेप मिळतात, पण त्यातले काही जुन्या पद्धतीचे लेप इथेनॉलने मऊ होऊन सोलतात आणि मग ती साल कार्ब्युरेटरमध्ये जाते. मी लेप लावलाच नाही.

त्याऐवजी डिसेंबरची वाट पाहिली. हवा कोरडी झाल्यावर पुन्हा लिंबूसत्त्व, पुन्हा सोडा, आणि धुणं संपताच पातळ फॉस्फोरिक ॲसिडचा हात. ते उरल्यासुरल्या गंजाचं लोह फॉस्फेट करतं, पत्र्याला धरून राहणारं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्याचं कारण त्याच्यावरच्या फॉस्फेटच्या पातळ थरात आहे, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासून दाखवलं. तिथे फॉस्फरस लोखंडातच जास्त होता, इथे मी बाटलीतून ओततोय, एवढाच काय तो फरक. :-) मग आईचा हेअर ड्रायर तासभर, लगेच आत टू टी ऑईल, आणि टाकी सगळ्या बाजूंनी फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहिलं. राखाडी. आठवड्याने पाहिलं. राखाडी.

आता बाबांना दाखवायची होती. गेल्या रविवारी सकाळी टाकी गाडीवर चढवली आणि त्यांना खाली बोलावलं. मोबाईलवर मे महिन्यातलं चित्रण दाखवलं, आडवी रेघ दाखवली, गळ्याचे ओघळ दाखवले. हाफिसात सवय असल्यामुळे मी 'पाणी टोपणाच्या बाजूने शिरलं' असं म्हणालो. बाबा म्हणाले, "टोपण तर घट्ट होतं."

"मी लावलं होतं," मी म्हणालो. "बुधवारी सकाळी. मंगळवारी मीच उघडं टाकलं होतं."

बाबा काही वेळ मोबाईलकडेच बघत होते. चित्रण संपलं होतं, स्क्रीन काळी झाली तरी. मला वाटलं ओरडतील. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला ओरडणार तरी काय, तरीही वाटलं. ते म्हणाले, "त्या पोराला फार बोललो मी." मग थोड्या वेळाने, "त्याच्या आईवरून बोललो होतो रे."

"मला आठवतंय," मी म्हटलं.

"तू होतास ना तिथे."

यावर काय उत्तर देणार. ते फडक्याने हात पुसत राहिले, हात स्वच्छच होते. मग म्हणाले, "चल."

गाडीची नोंदणी केव्हाच संपलीय, वाशीच्या आरटीओचं काम अजून बाकी आहे, तेव्हा चालवायचा प्रश्न नव्हता. मी हँडल धरलं, बाबांनी मागून एक हात सीटला लावला आणि आम्ही येझदी ढकलत निघालो. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत फेरी मारून आणायची असेल. कोपऱ्यावर ते म्हणाले, "डावीकडे घे." डावीकडे तो पंप.

सगळी नवी माणसं होती. बाबांनी हवा भरणाऱ्या जरा वयस्कर माणसाला विचारलं, इथे किती वर्षं आहात? तो म्हणाला, सहा. मॅनेजरच्या केबिनपर्यंत जाऊन आले, आत गेले नाहीत. पेट्रोल भरणारा पोरगा मीटरकडे बोट करून म्हणाला, "सर, झिरो बघा." बाबा एरवी झिरो दोनदा बघतात. त्या दिवशी त्यांनी बघितलंच नाही.

"दोन लिटर," मी म्हटलं.

"लिटरला चाळीस मिली ऑईल," बाबा म्हणाले, "म्हणजे ऐंशी. आधी ऑईल घाल, मग पेट्रोल."

भरून झाल्यावर मी टोपण लावलं आणि पिळलं. बाबांनी हात पुढे करून ते आणखी एकदा पिळून बघितलं.